डेबऱ्या गाठीचं जाळं

भाजलेल्या मातीचा मणी, बोराएवढा. मधोमध भोक. भोकाच्या कडेला नखाची कोर उमटलेली, कुण्या बाईच्या अंगठ्याच्या नखाची.

*

कारल्याच्या वेलाला डोळे नसतात. त्याचा तणावा हवेत चाचपत राहतो आणि जे सापडेल त्याला तीन वेढे देतो. काडी असो, तार असो, दुसऱ्याची वस्तू असो.

*

धुरपताच्या घरून गेलेलं आणि न आलेलं: लोखंडी घमेलं. बांबूची शिडी. लग्नातला मोठा पितळी गंज, भात शिजवायचा, त्याच्या काठावर गुणवंताचं, तिच्या नवऱ्याचं, नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. मुसळ आलं, पण दुसरंच.

*

गुणवंता जेवायचा तेवढा उजव्या हातानं, कारण आईनं लहानपणी पळीचे फटके देऊन ती सवय लावली होती. कुऱ्हाड, विळा, जाळं विणायची सुई, बाकी सगळं डाव्यानं. गाव त्याला डेबऱ्याच म्हणायचं.

*

दोन सालं ज्या घरचं जाळं वर्षाच्या मासेमारीला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आलं नाही, त्या घराचं नाव मच्छीमार संस्थेच्या यादीतून कमी. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर त्यावर भांडता आलं असतं.

*

मंगळवारी सकाळी गुणवंताच्या मोबाईलवर मेसेज आला. गुणवंताला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण मच्छीमार संस्थेच्या ग्रुपातून त्याचा नंबर कोणी काढला नव्हता आणि मोबाईल आता त्याची पोरगी रंजीता वापरत होती. तिनं उभ्या उभ्या वाचून दाखवलं.

"शनवारी तलाव हाय, माय. सकाळी सहाले पाळीवर. जाळी मोजल्याबिगर कोनी पान्यात उतरू नये, असं लिवलं हाय धनराजभाऊनं."

धुरपता अंगण सारवत होती. शेणाचा हात तसाच अधांतरी धरून ती थांबली. "गेल्या साली आपलं नाई मोजलं."

"गेल्या साली बाबाचं वर्ष व्हाचं होतं."

"म्हनूनच म्हनतो. यंदा नाई गेलं तं दोन सालं होतीन."

पुढचं दोघींनाही बोलायची गरज नव्हती. शेत नव्हतं. तलाव होता, आणि तलावात नाव होतं. पाळीवर मांडलेल्या एका जाळ्याला एक वाटा. त्या वाट्यातली मासळी वाळवून पावसाळाभर पुरायची, उरलेली बाजारात जायची, तिच्यावर रंजीताच्या कॉलेजचा बसपास निघायचा. नाव कमी झालं की पुन्हा घालायला कोण बसलं होतं? यादीत शिरायला बाहेर सात घरं टपलेली होती.

धुरपतानं हात धुतले आणि शेजारी गेली. लटारूच्या आणि तिच्या घरामधे एक कुडाची भिंत. इकडं फोडणी पडली की तिकडं ठसका लागायचा.

"लटारूभाऊ, जाळं पायजे."

लटारू खाटेवर बसून ब्लेडनं पायाची नखं काढत होता. मान वर न करता म्हणाला, "कोनाचं जाळं, वहिनी?"

"माह्यं."

"हाव, ते. देतो नं. शनवार का पळून चालला?"

"शनवार नाई पळत. पाहाले पायजे. फाटलं-उसवलं असन तं विनाले दोन दिवस लागते."

"डेबऱ्याच्या हातचं फाटते का कदी?"

"मंग दाखव."

लटारूनं ब्लेड कागदात गुंडाळलं, सावकाश, जसं काही ते ब्लेड नव्हे तर पोथी होती. "कोठ्यात वर टांगलं हाय. सांजच्याला उतरवतो. तू काऊन उन्हात उभी? जाय, घरी बस."

चुलीपाशी त्याची बायको चंचल होती. चूल चांगली धडधडून पेटलेली होती, तरी ती फुंकणी फुंकत राहिली.

*

जाळं दिलं कसं, ते असं. माणूस गेला की वर्ष होईपर्यंत त्या घरानं जाळं भिजवायचं नाही. आणि जाळं कोरडं पडलं की उंदीर त्याला सोडत नाहीत. चौदाव्या दिवशी लटारू दारात येऊन उभा राहिला होता. टोपी हातात. "वहिनी, डेबऱ्याचं जाळं उंदराले नको खाऊ देऊ. मी भिजवत राह्यतो. वर्ष झालं का तुह्या खुंटीले आनून टांगतो." धुरपतानं खुंटीवरून उतरवून दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर घातलं होतं. तेव्हा तिला रडू आलं होतं आणि लटारूलाही. खोटं नव्हतं ते.

गेल्या उन्हाळ्यात तलाव झाला त्या सांजेला चंचल पळसाच्या पानांत दोन रोहू घेऊन आली. धुरपतानं ते खाल्ले आणि शेजार चांगला आहे असं म्हणून हात धुतले. पाळीवर ती गेलीच नव्हती. कोणाचं जाळं कोणाच्या नावानं मोजलं, हे विचारावं असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

*

शिडी सध्या चार घरं पलीकडे आहे. तिच्यावर वाल चढवलेत.

*

सांजेला लटारू घरी नव्हता. रात्री होता, पण झोपलेला होता. बुधवारी पहाटे धुरपता हापशीवर गेली तर चंचल आधीच तिथं. पाण्याचा गुंड भरून वाहत होता आणि ती हापसतच होती.

"बाई, कोठ्याकडं नको पाहू," ती हळूच म्हणाली. "तिथी नाई ते."

"मंग कुठी हाय?"

"माह्या भावाकडं. गोपालकडं. कुरखेड्याच्या पल्याड."

"त्याच्या गावाले तं तलाव नाई. का धरते तो जाळ्यानं?"

चंचलनं गुंड डोक्यावर घेतला. गुंड डोक्यावर असला की मान हलवता येत नाही. ते तिला बरं पडलं. "तू जाऊन पाय. मी सांगतलं असं नको सांगू."

साडेनऊच्या बसनं धुरपता कुरखेड्याला उतरली, तिथून तीन किलोमीटर डांबरी रस्त्यानं चालत. डांबर पाघळून चपलेला धरत होतं. रस्त्यात पानं तोडून परतणाऱ्या बाया भेटल्या, डोक्यावर तेंदूपत्त्याचे भारे, त्याखाली तोंडं काळवंडलेली. गोपालचं घर त्यांनीच दाखवलं.

घरामागे वाडी होती. वाडीत मांडव होता. मांडवावर गुणवंताचं जाळं होतं.

ती बांधावर थांबली. आधी तिला ते जाळं वाटलंच नाही. हिरवं झालं होतं. जाळ्याच्या प्रत्येक घरातून एक तणावा आत, एक बाहेर. पानं, पिवळी फुलं, बोटाएवढी कारली. छपरावर पाच वानरं ओळीनं बसून जाळ्याकडं बघत होती. खाली येत नव्हती.

"कोन पायजे, बाई?" गोपालची बायको स्वाती दारात आली, कडेवर लेकरू.

"हे जाळं माह्यं हाय."

"असन. आमाले लटारूभाऊजीनं देल्लं. घरी पडून हाय म्हने, कोनी फेकत नाई म्हने."

"मी घेऊन जाऊन राह्यली."

"आता?" स्वाती हसली. मग हसणं थांबवलं. "बाई, कारले लागले हायेत. आठ दिवस थांब. तोडा झाला का मीच पाठवतो."

"शनवारी तलाव हाय."

"इतकी गरज होती तं देल्लं काऊन?"

धुरपताजवळ याचं उत्तर होतं. पण ते दीड वर्षाचं लांब होतं आणि ऊन डोक्यावर आलं होतं. ती पदर खोचून मांडवाखाली शिरली.

"पाय बाई," स्वाती मागून म्हणाली, "येक वेल तुटला तं मी जाळ्याले हात लावू देनार नाई. पान्याचा येक-येक गुंड डोक्यावर आनून वाढवले मी."

मग धुरपता एक-एक तणावा सोडवायला बसली. स्वतःच्या जाळ्यातून दुसऱ्याचे वेल. तणावा ओढून निघत नाही. ओढला की तुटतो. नखानं त्याचं टोक शोधायचं, उलटं फिरवायचं, एक वेढा, दोन वेढे, तीन. मग पुढचा. कोवळे सुटत होते, जून झालेले तारेसारखे ताठ होते. कारल्याचा कडवटपणा बोटांना लागला, बोटांवरून घामाला, घामावरून ओठांना. थुंकली तरी जाईना. मान वर करून करून खांद्यात गोळे आले. मधे स्वातीनं पाण्याचा तांब्या आणून खाली ठेवला आणि परत गेली.

दुपार कलली तेव्हा जाळं तिच्या हातात पडलं. तीन ठिकाणी कापलेलं होतं, हात जाईल एवढं. कारली तोडायला सोय. आणि घेराला शिसं नव्हतं. एकसुद्धा गोळी नव्हती.

"शिसं कुठी हाय?"

"आमच्याकडं असंच आलं. लेकराची आन." स्वातीनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. खरं बोलत होती. "घेरबिर काई नोता त्याले."

निघताना तिनं चार कारली धुरपताच्या जाळं भरलेल्या बोरीत टाकली. धुरपतानं नको म्हटलं नाही. ती बांध उतरली तसं छपरावरचं पहिलं वानर मांडवावर उतरलं. मग दुसरं. मागून स्वातीचा डबा बडवण्याचा आवाज येऊ लागला, आणि शिव्या. त्या वानरांना होत्या की तिला, हे धुरपताला वळून बघावंसं वाटलं नाही.

*

घमेलं सापडलं. बाजूच्या गल्लीत त्यात कोंबड्या पाणी पितात. तळाला भोक पडलंय, म्हणून ते आता परत मागितलं तरी चालेल, असं त्या घरचं म्हणणं.

*

गुरुवारी मायलेकी पडवीत बसल्या. रंजीताला विणता येत होतं. बापानं शिकवलं होतं, पण ती त्याच्या समोर बसून शिकली, आरशासमोर बसावं तशी. त्यामुळं बापाची गाठ डावीकडं तोंड करून बसायची आणि पोरीची उजवीकडं. तिन्ही भोकं तिनं दुपारपर्यंत भरली. जुन्या मळकट जाळ्यात नव्या सुताचे तीन पांढरे तुकडे दिसू लागले, पायजम्याच्या गुडघ्याला ठिगळं असावीत तसे.

पण शिसं नव्हतं. घेराला वजन नसलेलं जाळं पाण्यावर पडून राहतं, बुडत नाही. असं जाळं पाळीवर मांडलं तर माणसं हसली असती, मोजलं नसतं.

"आजच्या आज दोनशे गोळ्या कोन देईन?" रंजीता म्हणाली.

ते कुडाच्या पलीकडं ऐकू गेलं असावं. उन्हं कलायच्या आधी, लटारूची खाट रिकामी असताना, कुडावरून एक फडक्याची गाठोडी आली. मागून चंचलचं तोंड.

"धर लवकर."

धुरपतानं धरली. जड होती आणि आत काहीतरी खडखडलं.

"शिसं त्यानं भंगारवाल्याले देल्लं," चंचल एका दमात म्हणाली. "दिवाईच्या वक्ताले. मले मालूम होतं. मी बोलली नाई. हे सासूच्या हातचे मनी हायेत, मातीचे. आमचं जाळं सडलं, मनी राह्यले. दोनशे बारा हायेत. शनवार झाला का परत दे, बाई. सासूची तेवढीच येक वस्तू हाय घरात. आन त्याले नको सांगू."

"परत दे" हे शब्द धुरपतानं आयुष्यात किती वेळा म्हटले असतील. तिला म्हटलेले तिनं आजवर ऐकले नव्हते. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"देतो," ती म्हणाली. "मोजून देतो."

रंजीतानं गाठोडी सोडली. प्रत्येक मण्यावर नखाची कोर होती. "त्याच्या घरचे मनी आपल्या जाळ्याले? उद्या म्हनन, जाळंच माह्यं."

"मंग का घेराले कारले बांधू?"

पोरगी हसली नाही. तिनं सुई उचलली आणि मणी ओवायला घेतले.

*

शुक्रवारी सांजेला लटारू स्वतः आला. दारात न थांबता पडवीत येऊन उकिडवा बसला. धुरपतानं जाळ्याचा घेर मांडीखाली ओढून घेतला आणि वर पदर टाकला.

"तूच आनलं का, वहिनी? मी जानारच होतो. बरं झालं. मले तिथवर जा लागलं नाई."

तिनं पदर आणखी खाली ओढला.

"मी म्हनतो, उद्या मीच फेकतो. तुह्या घरी गडी नाई."

"फेक. माह्या नावानं फेक."

"नाव कोनाचं का असेना." त्यानं चुलीतली काडी उचलून बिडी पेटवली. "मासे तेच. माह्यं जाळं तं तुले मालूम हाय, सडलं. गेल्या साली जसं मांडलं तसंच मांडू."

"गेल्या साली कसं मांडलं?"

बिडीचा धूर निघाला आणि पडवीत अडकून राहिला.

"लटारूभाऊ, गेल्या साली कोनाच्या नावानं मांडलं?"

"माह्या. तू कुठी होती तवा? तुह्या घरी वर्ष चालू होतं. तुह्या नावानं मांडता येत होतं का?" आवाज चढला होता, पण डोळे जाळ्यावर होते. "मी नसतं भिजवलं तं उंदरानं खाल्लं असतं. हे कोनी नाई बोलत."

"तू भिजवलं?" धुरपता म्हणाली. "वेलाले पानी घालून?"

लटारू उठला. जाताना पडवीच्या खांबाला हात टेकून क्षणभर थांबला. "उद्या पाळीवर पाहू," म्हणाला. "चार लोक हायेत तिथी."

त्या रात्री कुडाच्या पलीकडून नवरा-बायकोचा आवाज आला नाही. भांडण झालं असतं तर धुरपताला झोप लागली असती.

*

पाळीवर तीस जाळी ओळीनं मांडली होती, प्रत्येकाजवळ त्या-त्या घरचा माणूस. तलावाचं पाणी मधोमध आटून आलं होतं, कडेला चिखलाला भेगा. सूर्य नुकताच उगवला होता, तरी बगळे आधीच येऊन बसले होते. धुरपतानं एकतिसावं जाळं पसरलं. रंजीता एका बाजूला, ती दुसऱ्या. मण्यांचा घेर तिनं आत दुमडून ठेवला.

धनराज, संस्थेचा अध्यक्ष, वही घेऊन ओळीनं चालत आला. प्रत्येक जाळ्यापाशी पायानं टोचायचा आणि नाव लिहायचा. एकतिसाव्यापाशी पाय थांबला.

"हे तं लटारूचं."

"माह्यं हाय," धुरपता म्हणाली.

"बाई, गेल्या साली इथीच होतं. याच जागी." त्यानं खिशातून मोबाईल काढला. "फोटो हाय ग्रुपात." फोटोत लटारू दात काढून उभा होता, खांद्यावर जाळं. माणसं वाकून बघू लागली. जाळं ओळखू येत होतं. टोकाला बांधलेली लाल दोरीसुद्धा तीच.

लटारू पुढं आला. त्याच्यापाशी जाळं नव्हतं. "मी तं काल समजावून सांगतलं वहिनीले. दोघांचं येक मांडू म्हनलं. आयकत नाई."

"दोन घरचं येक जाळं चालत नाई," धनराज म्हणाला. "येक जाळं, येक नाव. बोला, कोनाचं? बगळे आपल्यासाठी थांबनार नाईत."

"कोनं विनलं ते पाहा," रंजीता म्हणाली. तिचा आवाज फाटला.

"मीनं विनलं," लटारू म्हणाला.

"तू?" बिरजू म्हातारा मागून बोलला. गावातली अर्धी जाळी त्याच्या हातची. "लेका, तुले लुंगीची गाठ धड मारता येत नाई." माणसं हसली. लटारूही हसला, पण उशिरा. बिरजू गुडघे कुरकुरवत खाली बसला. त्यानं जाळ्याचं टोक हातात घेतलं, गाठीवर अंगठा फिरवला, पुढच्या गाठीवर, त्याच्या पुढच्या. डोळे तलावाकडं होते.

"डेबरा हात हाय," तो म्हणाला.

"इथी नाई!" लटारूनं पांढऱ्या ठिगळात बोट घातलं. "हे पाय. इथी गाठ उजवी हाय. इथीबी. इथीबी."

"ते मी भरलं. गुरुवारी," रंजीता म्हणाली. "कारले तोडाले कापलं होतं ते. माह्या मामाच्या नाई, तुह्या साळ्याच्या वाडीत."

पुन्हा हसू फुटलं, या वेळी मोठं. लटारूची मान लाल झाली. त्यानं खाली वाकून जाळ्याचा दुमडलेला घेर खस्सकन बाहेर ओढला.

मणी उन्हात आले. तांबडे, ओळीनं. एक लटारूच्या चिमटीत होता.

त्यानं तो उलटा केला. नखाची कोर बघितली. मग त्याचं डोकं हळूहळू वर आलं, पाळीच्या टोकाशी बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या तिकडं. चंचल टोपलीकडं बघत होती. टोपली रिकामी होती.

एक शब्द पुरला असता. हे मणी माह्या मायचे. जाळ्याला वजन माझं, तर जाळं कोणाचं? पाळीवरच्या निम्म्या माणसांनी लटारूच्या आईला हे मणी भाजताना बघितलं होतं. पण मग धनराजनं विचारलं असतं, पहिलं शिसं कुठं गेलं. आणि मणी कुडावरून कोणी दिले, हेही.

"बोल, लटारू," धनराज म्हणाला.

धुरपतानं त्याच्या अंगठ्याकडं बघितलं. अंगठा त्या कोरेवर होता.

"बोल नं," ती म्हणाली, एवढं हळू की फक्त त्यालाच ऐकू जावं.

"वहिनीचं हाय," लटारू म्हणाला आणि मणी सोडून दिला.

"मंग तुह्यं कुठी हाय?"

"यंदा नाई."

"कोरडं साल?"

"कोरडं."

धनराजनं लिहिलं. गुणवंताचं नाव खोडून धुरपताचं घातलं, त्याला थोडा वेळ लागला, कारण धुरपताचं नाव कसं लिहायचं हे त्यानं दोनदा विचारलं. लटारूच्या नावापुढं एक फुली केली. दुसरी फुली पुढच्या साली.

"आन फेकन कोन?" कोणीतरी विचारलं.

धुरपतानं ओळीकडं बघितलं. तीस जाळी, तीस गडी. एकच माणूस रिकाम्या हातानं उभा होता.

"मी फेकतो," लटारू पाण्याकडं बघत म्हणाला. "अर्ध्या वाट्यावर. फेकनाराचा अर्धा राह्यतेच."

"फेक," ती म्हणाली.

*

माती शिशापेक्षा हलकी. पहिल्या फेकीला जाळं पुरतं उघडलं नाही, अर्धवट चंद्रासारखं पडलं. पाळीवरून कोणी शीळ घातली. दुसऱ्या फेकीला लटारूनं मनगट बदललं, खांद्यातून जोर घेतला, आणि जाळं पाण्यावर पसरलं, गोल, गुणवंता फेकायचा तसं. धुरपतानं तोंड फिरवलं. नंतर मात्र ती काठावर उभी राहून प्रत्येक ओढीतले मासे डोळ्यांनी मोजत राहिली. दुपारी बारापर्यंत तो छातीएवढ्या पाण्यात होता.

वाटे पडले. पळसाच्या पानांवर धुरपताचा अर्धा, लटारूचा अर्धा. बिरजूनं दोन्ही ढिगांतले मासे बदलून बदलून सारखे केले.

माणसं पांगली. लटारूनं जाळं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि टोपली उचलून चालू लागला. कुडाच्या कोपऱ्यावर वाट फुटते. डावीकडं धुरपताचं दार, उजवीकडं त्याचं. तो सवयीनं उजवीकडं वळला.

धुरपता पुढं होऊन वाटेत उभी राहिली.

"दे."

"ओलं हाय, वहिनी. गाळ लागला हाय. धुतो, वाळवतो, सांजच्याला आनून देतो."

"ओलंच दे."

"तुह्यं लुगडं भिजन."

"भिजू दे."

लटारू उभा राहिला. त्याच्या कोपरावरून पाणी गळत होतं, धुळीत खड्डे पडत होते. मग त्यानं खांदा खाली केला. जाळं तिच्या खांद्यावर आलं, थंड, चिखलाच्या वासाचं. तिची पाठ कमरेपर्यंत भिजली. ती तशीच चालत दारात गेली.

अंगणात बसून तिनं ओल्या घेरातला एक-एक मणी कापून काढला. रंजीता मोजत होती. दोनशे अकरा झाले. परत मोजले. दोनशे अकरा. एक तलावात राहिला होता. सांज होईपर्यंत धुरपता फडक्याची गाठोडी मांडीवर घेऊन बसली, मग उठून कुडावरून हाक मारली. चंचलनं गाठोडी घेतली आणि उघडून न बघता पदराखाली धरली.

"मनी कमी भरले," धुरपता म्हणाली.

"कितीक?"

"येक."

चंचलनं पदराखाली गाठोडीची गाठ आवळली. कुडाच्या पलीकडं लटारू खोकला.

*

त्या जाळ्याचं सूत, पावणेदोन किलो, गुणवंतानं लटारूच्या आईकडून मागून आणलं होतं, रंजीता जन्मली त्या साली, धुरपता बाळंतपणाला माहेरी असताना. दिवाळी झाली की परत देतो म्हणाला होता.